विटेचा शेक

नववीच्या विज्ञानात चेतासंस्थेचा धडा आला की मी मुलांना बाकांवरून उठवतो आणि दारापासून फळ्यापर्यंत एका रांगेत हात धरून उभं करतो. दाराजवळचं पोर म्हणजे पायाचा अंगठा, फळ्याजवळचं म्हणजे मेंदू. अंगठ्याला मी खडूनं टोचतो. त्यानं शेजारच्याचा हात दाबायचा, शेजारच्यानं पुढच्याचा, असं करत दाब फळ्यापर्यंत पोचला की मेंदूनं मोठ्यानं ‘आई गं’ म्हणायचं. हा खेळ माझा स्वतःचा आहे. एका प्रशिक्षणात मी तो इतर शिक्षकांसमोर करून दाखवला होता आणि टाळ्याही घेतल्या होत्या. बरीच वर्षं हा धडा मी शिकवतोय. चेतातंतूतून आवेग कसा धावतो, दोन पेशींमधल्या फटीत रसायन कसं सुटतं, डाव्या पायाची बातमी वाटेत बाजू बदलून मेंदूच्या उजव्या अंगाला कशी जाते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे घडलं ते अडाणीपणातून घडलं असं कुणी समजू नये. अडाणी असतो तर मला आज एवढी लाज वाटली नसती.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. आमचं गाव गेवराई तालुक्यात, चकलांब्यापासून जवळ. दिवाळी झाली की आबा कळप घेऊन गोदावरीच्या काठाकाठानं निघायचे, ते पावसाळा तोंडावर आल्यावरच परतायचे. त्यांचं सगळं शहाणपण तळपायात होतं. एखाद्या रानात मेंढरं बसवायची असली की ते आधी पायातलं जाड पायताण काढून अनवाणी चार पावलं चालायचे. वरून कोरड्या दिसणाऱ्या काळ्या मातीत खाली ओल आहे की नाही, ते त्यांना पायाला कळायचं. ओल असली तर “इथं नगं, खुरं कुजत्याल,” म्हणून पुढं निघायचे. लहानपणी मीही त्यांच्यामागं अनवाणी चालून बघितलं होतं. मला फक्त ढेकळं टोचली.

आई गेली, आबांचं वय झालं, रक्तात साखर निघाली, तेव्हा मेंढरं चुलतभावाकडं गेली आणि आबा आमच्या ओसरीवर आले. घरात मी, माझी बायको आणि आबा. गोळी द्यायची बायकोनं आणि ‘घेतली का’ म्हणून विचारायचं मी, अशी आमची कामाची वाटणी होती. विचारणं सोपं असतं, म्हणून ते मी घेतलं होतं.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी एके दिवशी आबा पारावरून घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून. उजव्या पायात चप्पल, डावा पाय अनवाणी, आणि माणसाला पत्ता नाही. बायकोनं दाखवलं तेव्हा खाली बघून म्हणाले, “आता गं बया. ही कुठं गेली?” चप्पल वाटेत नालीच्या कडेला पडलेली सापडली. मी पोट धरून हसलो. “आबा, उद्या धोतर असंच वाटेत ठेवून याल,” असंही म्हणालो. ते पण हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, “कापसावर चालल्यागत वाटतंय रे. खाली भुई हाय का न्हाई त्येच कळत न्हाई.”

या वाक्यावर विज्ञानाच्या शिक्षकानं ताडकन उठायला हवं होतं. पायाच्या अंगठ्यातून निघालेला तंतू कमरेपर्यंत एकसंध असतो, मध्ये कुठं जोड नाही. शरीरातली सगळ्यात लांब वाट तीच. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की हे तंतू मरायला लागतात, आणि सगळ्यात लांबचे आधी मरतात. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा ओढावा तसा वर चढत जातो. हे सगळं मला ठाऊक होतं. मी म्हणालो, “वय झालं आबा,” आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चपलेची गोष्ट रंगवून सांगितली. पुढं वर्गातही सांगितली. वर्ग खदखदून हसला. बापाची टिंगल करून मी मुलांचं लक्ष वेधून घेतलं, हे लिहिताना आजही कान गरम होतात.

दसऱ्याच्या सुमारास बायकोला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. आबांच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता. तो तिनं सुईनं काढला आणि मला आत बोलावून हळू आवाजात म्हणाली, “आबांला दवाखान्यात दावा एकदा. दोन दिस काटा पायात हाय अन् त्यांला खबर न्हाई.” मी म्हणालो, “सुट्टीत बघू.” दिवाळीची सुट्टी आली आणि गेली. त्या सुट्टीत मी घराला रंग दिला.

थंडी वाढली तसं आबा संध्याकाळी म्हणायला लागले, “पाय गार पडल्यात. जरा शेक दे.”

विटेचा शेक आमच्या घरात नवा नाही. थंडीत मेंढी व्याली आणि कोकरू काकडून ताठ झालं की आबा विस्तवात वीट तापवायचे, बारदान्यात गुंडाळायचे आणि कोकराच्या पोटाशी ठेवायचे. पण ठेवण्याआधी एक गोष्ट ते कधीच चुकवायचे नाहीत. गुंडाळलेली वीट स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी मऊ असते तिथं, धरून बसायचे. सावकाश वीसपर्यंत मोजायचे. स्वतःला सोसली तरच कोकराला. तिकडं कोकरू मान टाकायला लागलेलं असायचं आणि हे आपले मोजत बसलेले. मी एकदा वैतागून विचारलं होतं, “आबा, कावून एवढा येळ लावता?” तर म्हणाले, “जित्राब मुकं हाय. पोळलं तर त्ये कसं सांगल? मंग आपल्या कातड्याला इचारायचं.” त्यांच्या दोन्ही कोपरांच्या आत त्या विटांचे तांबूस डाग कायमचे होते.

आबांना तोंड होतं, म्हणून मी तोंडाला विचारलं.

पहिले आठ-दहा दिवस काही झालं नाही. पाणी तापवायच्या चुलीत बायको वीट टाकून ठेवायची. मी ती चिमट्यानं काढून जुन्या टॉवेलात गुंडाळायचो आणि आबांच्या पायांखाली द्यायचो. पाय हलला की वीट सरकायची, म्हणून पायथ्याशी बसायला लागायचं. आबा बाजेवर पडून मेंढरांच्या गोष्टी सांगायचे. मी ‘हं, हं’ करत फोनमध्ये डोकं घालून बसायचो.

त्या संध्याकाळी शाळेची कसली तरी माहिती भरून पाठवायची होती. मुख्याध्यापकांचे दोन फोन येऊन गेले होते, आणि फोनवरचा फॉर्म शेवटच्या रकान्यापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यावर येत होता. माझं डोकं तापलेलं. मी वीट आबांच्या पायाखाली ठेवली आणि विचारलं, “लागतंय का?”

“न्हाई. गारच हाय.”

मी वीट परत चुलीत ठेवली, पाच मिनिटांनी आणली. “आता?”

“न्हाई रे. कायच लागत न्हाई.”

तिसऱ्या वेळी मी वीट निखाऱ्यांत पुरली. काढली तेव्हा चिमट्यातूनही हाताला झळ लागत होती. टॉवेलाच्या चार घड्या होत्या त्या मी दोन केल्या, कारण आबांना गार लागत होतं. “घ्या, आता तरी पोचलं का?” असं मी जरा चिडूनच विचारलं. आबा म्हणाले, “हां. आता बरं हाय.” मी त्यांचा डावा पाय विटेवर नीट टेकवला, वरून घोंगडी टाकली आणि फॉर्मकडं वळलो.

आबा नदीपलीकडच्या एका उसाच्या फडाची गोष्ट सांगत होते. त्या फडात एकदा पंधरा मेंढरं घुसली होती आणि मालक काठी घेऊन आला होता. गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “कशाचा वास येतोय?” मी मान वर न करता म्हणालो, “टॉवेल करपला असंल.” आबा बोलत राहिले. मालकानं काठी टाकून शेवटी चहा कसा पाजला, इथवर गोष्ट आली होती. बायको बाहेर आली, तिनं घोंगडी उचलली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली.

टॉवेलाला मध्यभागी तपकिरी भोक पडलं होतं. आबांच्या तळव्याची बाहेरची कड, करंगळीच्या मुळापासून खाली, मेणासारखी पांढरी झाली होती. आबांनी मान उचलून पायाकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. एखाद्या परक्या माणसाच्या पायाला लागलेलं बघावं, तसं ते बघत होते. “पोळलं व्हय?” त्यांनी मला विचारलं. त्यांच्या पायाचं त्यांनी मला विचारलं.

बायकोनं पायावर पाणी ओतलं. ती लगेच दवाखान्यात चला म्हणत होती. मी म्हणालो, “फोड आहे, बसेल. उद्या बघू.” मी डॉक्टरकडं का गेलो नाही, ते तेव्हा मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. आज सांगतो. डॉक्टर विचारणार होते की हे कसं झालं, आणि ते मला सांगायचं नव्हतं. विज्ञानाचा मास्तर, आणि साखरेच्या माणसाच्या बधिर पायाला निखाऱ्यातली वीट. उद्याचे तीन दिवस झाले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून लवकर आलो. बायको दळण आणायला गेली होती, आबा ओसरीवर डुलकी घेत होते. मी मागच्या चुलीत तीच वीट तेवढीच तापवली, त्याच टॉवेलाच्या दोन घड्यांत गुंडाळली आणि आबा धरायचे तशी कोपराच्या आत लावली. वीसपर्यंत मोजायचं ठरवलं होतं. तीनला हात आपोआप उडाला आणि वीट पायाजवळ पडून फुटली. कळ त्यानंतर आली. हात आधी उडतो आणि कळ मागून येते, हे मी मुलांना शिकवतो: कातडीची बातमी पाठीच्या कण्यात पोचताच तिथूनच स्नायूला हुकूम सुटतो, मेंदूला मागाहून कळतं. आबांच्या पायाची बातमी कण्यापर्यंतसुद्धा गेली नव्हती. पाय उडणार कुठून. ‘बरं हाय’ हे त्यांच्या मेंदूनं दिलेलं उत्तर खोटं नव्हतं. त्याच्याकडं दुसरी काही खबरच नव्हती. विटेचे तुकडे मी उकिरड्यावर नेऊन टाकले आणि त्या दिवसापासून पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागलो.

चौथ्या दिवशी पायाला वास सुटला आणि आबांना ताप भरला. तेव्हा मोटारसायकलवर मध्ये आबा, मागं बायको, असं त्यांना तालुक्याला नेलं.

डॉक्टर तरुण होते आणि कामात होते. त्यांनी पट्टी सोडली, पाय बघितला, आणि आमच्याकडं न बघता विचारलं, “भाजलंय हे. कशानं?”

मी तोंड उघडलं. आबा माझ्याआधी बोलले. “इटंनं शेकत व्हतो. म्याच घेतली चुलीतली.”

“आजोबा, साखर आहे तुम्हाला. पायाला कळत नाही, आणि तुम्ही विस्तवातली वीट लावता?” डॉक्टर चिडले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तुम्ही काय करता?”

“शिक्षक आहे,” मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडं बघितलं.

“कोणता विषय?”

“विज्ञान.”

डॉक्टर आबांना म्हणाले, “घरात विज्ञानाचे शिक्षक आहेत. त्यांना विचारायचं ना आधी.”

इथं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. आबांनी ओझं उचललंच होतं. पण मी म्हणालो, “मी शाळेत होतो हो. आबा ऐकतच नाहीत कुणाचं.”

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायको दवाखान्याच्या बाहेर जाऊन उभी राहिली. आबा मान डोलवत होते, ‘खरंय, खरंय, मी ऐकतच न्हाई,’ अशी.

मग डॉक्टरांनी एक नायलॉनचा जाड दोरा काढला. आबांना डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाले, “पायाला लागलं की हो म्हणा.” त्यांनी उजव्या अंगठ्याला दोरा टेकवला. आबा गप्प. टाचेला टेकवला. आबा गप्प. मग डॉक्टर दोरा हातात धरून नुसते थांबले, तर आबा म्हणाले, “हो.” पुढं कुठं दोरा लागलेला असताना आबा गप्प राहिले, कुठं काही नसताना ‘हो, हो’ म्हणाले. मधेच त्यांनी एक डोळा किलकिला करून माझ्याकडं बघितलं. उत्तर न येणारं पोर फळ्याजवळ उभं राहून वर्गाकडं बघतं, कुणी ओठ हलवून सांगतंय का म्हणून, तसं. “डोळे मिटा आजोबा,” डॉक्टर म्हणाले. माझे मात्र उघडे होते, आणि मला ते मिटावेसे वाटत होते.

डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. ते बीडला झालं. तीन दिवसांचा उशीर नसता तर बोटं वाचली असती का, हे मी कुणाला विचारलं नाही. उत्तर ‘हो’ असण्याची भीती होती.

घरी आल्यावर भेटायला माणसं यायची. प्रत्येकाला आबा तीच गोष्ट सांगायचे, आणि दर खेपेला तिच्यात भर पडायची. “म्याच येडा. ह्यो साळंत, सून रानात. म्या उठलो, चिमटा घेतला, इट वढली अन् ठिवली पायाखाली.” उसाच्या फडाच्या गोष्टीसारखी ती घोटून घोटून गुळगुळीत झाली. लोक मला म्हणायचे, “मास्तर, तुमी तरी ध्यान ठिवायचं व्हतं.” मी चहाचे कप गोळा करायचो. रात्रीच्या जेवणाला बायको ताट माझ्यापुढं जरा आपटून ठेवायची, आणि ते मला योग्यच वाटायचं.

फेब्रुवारीत नववीची उजळणी घेताना मी नेहमीप्रमाणे पोरांची रांग लावली. अंगठ्याला खडूनं टोचलं. मेंदू झालेली मुलगी फळ्याजवळ शांत उभी. मी थांबलो, पुन्हा टोचलं. काही नाही. रांगेच्या मध्यावर दोन मुलींचं भांडण झालेलं होतं आणि त्या एकमेकींचे हात न धरता नुसत्या बाह्या धरून उभ्या होत्या. दाराजवळचा मुलगा हात दाबून दाबून लाल झाला होता. मेंदू म्हणाला, “सर, मला कायच आलं न्हाई. खरंच.” एरवी मी या विनोदाचं सोनं केलं असतं. त्या दिवशी मी खुर्चीवर बसलो आणि मुलांना जागेवर जायला सांगितलं. तास संपायला अजून वीस मिनिटं होती. ती मी धडा वाचायला सांगून काढली.

मार्चच्या शेवटी आबांना पट्टी बदलायला नेलं. जखम भरत आली होती. बाहेरच्या बाकावर आमच्याशेजारी तलवाड्याकडचे एक म्हातारबाबा बसले होते, त्यांनाही साखर. डॉक्टर दारात आले आणि आबांकडं बोट दाखवून त्यांना म्हणाले, “बघा, या आजोबांनी स्वतःच विटेनं पाय भाजून घेतला. तुम्ही असलं काही करू नका.” बाकावरचे सगळे आबांकडं बघायला लागले. आबा हसले. ओशाळं, हात जोडल्यासारखं हसले. या माणसानं भर पावसात तीनशे मेंढरं नदीपार नेली होती, आणि तो माझ्या चुकीसाठी चार अनोळखी लोकांत वेड्यासारखा हसत होता.

“वीट मी ठेवली होती,” मी म्हणालो. आवाज नको तेवढा मोठा निघाला. “आबांनी नाही. ते नाही लागत म्हणत होते, म्हणून मी अजून तापवली. मी शाळेत नव्हतो. तीन दिवस मीच आणलं नाही त्यांना.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी शिव्या खायला तयार होतो, मला त्या हव्याच होत्या. ते म्हणाले, “बरं. आता ठेवू नका,” आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. एवढंच. इतके दिवस छातीवर बाळगलेली गोष्ट सांगून झाली आणि कुणाच्या कामात दोन मिनिटांचाही खोळंबा झाला नाही.

आबा मात्र घुमे झाले. परतताना नेहमीच्या टपरीवर बिनसाखरेचा चहा घेऊ म्हणालो, तर “नगं” म्हणाले. घरी येऊन बाजेवर बसले, भिंतीकडं तोंड करून. मी त्यांच्या पायातली चप्पल काढायला खाली वाकलो, तेव्हा म्हणाले, “कावून बोललास? चार मान्सांत मास्तरची इज्जत गेली.”

“खरं ते बोललो आबा.”

“मला काय ठावं न्हाई खरं?” त्यांनी माझा हात धरला आणि शर्टाची बाही वर सारली. कोपराच्या आतला डाग आता तांबूस झाला होता. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला. “ह्ये तवाच बघितलं म्या. न्हाणीतनं उघडा आलतास तवा. नंतर लावून बघितलीस व्हय?”

मी मान हलवली. मग म्हणालो, “आबा, मला माफ करा. कोकराला वीस मोजायचात तुम्ही. मी तुम्हाला एकसुद्धा मोजलं नाही.”

त्यांनी माझी बाही खाली ओढली. मग खाली बघून, जरा लाजल्यासारखे, म्हणाले, “तुझी एकट्याची चूक न्हाई ती. पाय गार बी पडत नव्हते माझे. पोळ्यापासनं पायाला गार न्हाई, ऊन न्हाई, कायच कळत नव्हतं. शेक मागितला की तू पायापाशी बसायचास. एरवी कुठं बसतोस रं तू? लागत न्हाई, लागत न्हाई म्हणलो, कारण लागलं म्हणलो असतो तर उठून गेला असतास.” मग त्यांनी जोडलं, “तसा बसून बी तू फोनातच व्हतास म्हणा.”

हे शेवटचं वाक्य ते टोमण्यानं बोलले नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. मी त्यांच्या पायाशी खाली फरशीवरच बसलो आणि रडलो. आतून बायको आली, आमच्याकडं बघून पुन्हा आत गेली.

डॉक्टरांनी सांगितलंय की आबांचे पाय रोज बघायचे, कुठं चीर, फोड, काटा नाही ना. ते काम आता माझं. दिवेलागणीला मी फोन आत चार्जिंगला लावून येतो, आबांचे पाय धुतो, पुसतो आणि मांडीवर घेतो. पाणी आधी माझ्या कोपराला लावून बघतो. आबा छताकडं बघत पडलेले असतात, त्यांना पाय दिसत नाहीत. ते मेंढरांच्या गोष्टी सांगतात आणि मी ऐकतो. उसाच्या फडाच्या मालकाला एक पाय अधू होता, हे शंभरदा ऐकलेल्या गोष्टीत मला आत्ता कळलं.

परवा त्यांचा डावा पाय तपासत होतो. बोटं गेली तिथली कातडी नवी, गुलाबी आहे. मी टाच हातात धरली होती.

“आबा, कळतंय का काही?”

“कळतंय की.”

“कुठं धरलंय सांगा.”

आबांनी थोडा विचार केला. “अंगठ्याला,” ते म्हणाले.

मी उत्तरपत्रिकेत अर्ध्या गुणासाठीही पोरांना सोडत नाही. माझा हात टाचेवर होता, तो मी हलवला नाही.

“बरोबर,” मी म्हणालो.